वेग पडद्यावर दिसत नाही

टीव्हीवर मोटार शर्यत बघायला बसलं की सगळ्यात आधी हरवतो तो वेग. लांब पल्ल्याच्या लेन्समधून समोरून येणारी गाडी ताशी ३०० किलोमीटरने येत असली तरी एकाच जागी थरथरत उभी आहे असं वाटतं, कारण ती लेन्स मधलं अंतर चापून टाकते. बाजूने टिपायचं म्हटलं तर कॅमेरा गाडीबरोबर फिरतो. मग गाडी चौकटीच्या मधोमध निवांत असते आणि सरकत राहतं ते मागचं कुंपण. वर हेलिकॉप्टर असेल तर तेही गाडीच्याच दिशेने उडत असतं. ज्याने ट्रॅकच्या कडेला उभं राहून फॉर्म्युला वनची गाडी जाताना अनुभवली आहे, त्याला पडद्यावरचं ते दृश्य ओळखीचं वाटत नाही. तिथे मान वळवेपर्यंत गाडी गेलेली असते आणि छातीत तिचा आवाज घुमत राहतो.

म्हणून मोटारस्पोर्टच्या कॉमेंटेटरबद्दल मला इतर कुठल्याही खेळाच्या कॉमेंटेटरपेक्षा जास्त ओढ वाटत आली आहे. टेनिस आवाज बंद करून बघता येतं. गुण कोणाला मिळाला ते दिसतं. शर्यत तशी बघितली तर वीस-बावीस गाड्या गोल फिरताना दिसतात, बस. कोण पुढे आहे तेही धड कळत नाही, कारण पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबायच्या जागेत, जाऊन आलेला आणि अजून जायचा राहिलेला एकाच चित्रात पुढेमागे पळत असतात. कॅमेऱ्याने काढून घेतलेला वेग प्रेक्षकाला परत द्यायचा आणि समोर चाललेल्या गोंधळाचा अर्थ लावायचा, ही दोन्ही कामं माणसाच्या आवाजावर येऊन पडतात.

२०२१च्या मार्चमध्ये तीन दिवसांच्या अंतराने या क्षेत्रातली दोन माणसं गेली. १३ मार्चला ब्रिटिश कॉमेंटेटर मरे वॉकर, वय ९७. १६ मार्चला जर्मन शर्यतपटू आणि निवेदिका साबिने श्मित्झ, वय ५१. वॉकर आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडी चालवण्याबद्दल सांगत राहिले. साबिने स्वतः गाडी चालवता चालवता सांगायची. त्या आठवड्यात मी दोघांच्याही जुन्या चित्रफिती काढून बघत बसले. एकाची कारकीर्द कॉमेंट्री बॉक्समधली, दुसरीची स्टिअरिंगमागची, पण मला त्या दोघांमध्ये एकच गोष्ट दिसत राहिली. आपल्यापर्यंत न पोहोचणारा वेग ती दोघं स्वतःच्या अंगावर घेत होती.

वॉकर उभे राहून बोलायचे. लाल दिवे विझून गाड्या सुटल्या की त्यांचा आवाज जो वरच्या पट्टीत जायचा, तो तासाभराने जरा खाली यायचा. बोलण्यात चुकाही बऱ्याच व्हायच्या. अमुक ड्रायव्हरची गाडी आज किती झकास चालली आहे असं त्यांनी म्हणावं आणि त्याच क्षणी तिच्या इंजिनातून धूर निघावा. लोकांनी त्या चुका प्रेमाने जपून ठेवल्या. मला त्यांच्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. तोंडातलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत समोरचं दृश्य बदललेलं असायचं, आणि वॉकर वाक्याला सांभाळत बसण्यापेक्षा दृश्यामागे धावायचे. सावध माणूस एक क्षण थांबून, खात्री करून बोलला असता. त्या एका क्षणात शर्यत थंड झाली असती.

हा माणूस या कामात आला तो वडिलांच्या मागून. ग्रॅहम वॉकर स्वतः मोटरसायकल शर्यतपटू होते. १९३१ साली त्यांनी आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी ही मोटरसायकल शर्यत जिंकली आणि पुढे बीबीसीसाठी कॉमेंट्री केली. मरे दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर होते. युद्ध संपल्यावर १९४८ साली शेल्स्ली वॉल्श इथल्या डोंगरचढणीच्या शर्यतीत ते पहिल्यांदा लाउडस्पीकरवरून बोलले आणि पुढच्याच वर्षी सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्रीसाठी बीबीसी रेडिओवर. त्या दिवशी त्यांची नेमणूक स्टो नावाच्या वळणावर होती. जॉन बोल्स्टरची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर उलटीपालटी होत गेली आणि बोल्स्टर बाहेर फेकला गेला. पंचविशीतल्या वॉकरना वाटलं, हा माणूस मेला. यावर काय बोलायचं असतं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. बोल्स्टर ट्रॅकबाहेर गेला, एवढंच ते म्हणाले. बोल्स्टर वाचला आणि पुढे नावाजलेला मोटार-पत्रकार झाला. पण तो प्रश्न वॉकरच्या आणि या व्यवसायातल्या प्रत्येकाच्या मागे कायमचा लागला. त्याकडे मी येतेच.

टीटीच्या रेडिओ कॉमेंट्रीत बापलेक मिळून बोलायचे. ही शर्यत म्हणजे कॉमेंटेटरची खरी शाळा. साठ किलोमीटरहून लांब वाट, तीही रोजच्या वापराच्या रस्त्यांवरून, आणि स्वार एकदम न सुटता ठरावीक सेकंदांच्या अंतराने सुटतात. म्हणजे डोळ्यांसमोरून जो पहिला गेला तो पहिलाच असेल असं नाही. घड्याळ, वजाबाकी आणि आठवण यांच्या जोरावर शर्यत मनात मांडावी लागते. वाटेत ग्लेन हेलन, रॅम्सी अशा ठिकाणी कॉमेंटेटर बसलेले. एकाने आपल्या समोरचं सांगायचं आणि पुढच्याकडे सोपवायचं. पूर्ण शर्यत कोणालाच दिसत नाही. ती दिसते रेडिओ ऐकणाऱ्याला.

आणि हे सगळं नोकरी सांभाळून. वॉकर जाहिरात क्षेत्रात काम करायचे आणि शनिवार-रविवार शर्यतींना जायचे. बीबीसीने फॉर्म्युला वनचा अख्खा हंगाम नियमितपणे दाखवायला सुरुवात केली १९७८मध्ये, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. नोकरी त्यांनी १९८२मध्ये सोडली. ज्या कारकिर्दीसाठी जग त्यांना ओळखतं, ती बहुतेकांच्या निवृत्तीच्या वयात फुलली. मला याचं फार अप्रूप वाटतं. तीसेक वर्षं हा माणूस केवळ आवडीपोटी पावसात उभा राहून मोटरसायकलींबद्दल बोलत होता.

आता कॉमेंट्री बॉक्सबद्दल थोडं. समोर दोन-तीन पडदे असतात. एकावर जगभर जाणारं चित्र. ते कॉमेंटेटर निवडत नाही, दुसरीकडे कुठेतरी बसलेला दिग्दर्शक निवडतो. दुसऱ्यावर टायमिंग. प्रत्येक फेरीचे तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या वेळेला रंग: जांभळा म्हणजे सगळ्यांत वेगवान, हिरवा म्हणजे त्या ड्रायव्हरची स्वतःची सर्वोत्तम वेळ, पिवळा म्हणजे त्याहून हळू. कानात निर्मात्याचा आवाज: वीस सेकंदांत जाहिरात, पिटमधून कोणीतरी बोलायला तयार आहे, अमुक गाडी गॅरेजमध्ये ढकलत नेली. हे ऐकता ऐकता स्वतःचं वाक्य न अडखळता पुरं करायचं. बीबीसीच्या परंपरेत एक लिप माइक असतो. त्याच्या वरच्या बाजूची छोटी पट्टी वरच्या ओठाला टेकवून धरायची, म्हणजे तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर हलत नाही, आणि बाहेर इंजिनांचा कितीही कल्लोळ असला तरी आवाज स्वच्छ जातो. एका संघाच्या दोन गाड्या दिसायला हुबेहूब. त्या ओळखायच्या कशा? ड्रायव्हरच्या डोक्यामागे, गाडीच्या सगळ्यांत उंच जागी, कॅमेऱ्याची छोटी पेटी असते. एका गाडीवर ती काळी, दुसरीवर पिवळी. ताशी ३०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीवरचा तो बोटभर रंग बघून नाव घ्यायचं.

मी कधीकधी रेकॉर्ड केलेली शर्यत आवाज बंद करून लावते आणि स्वतः बोलून बघते. पहिल्या वळणापर्यंत शब्द आपोआप येतात. दहाव्या फेरीच्या आसपास ते आटतात, आणि शर्यतीची खरी गोष्ट नेमकी तिथेच सुरू झालेली असते. टायर झिजायला लागलेत. मागच्याला वाटतंय की आपण आधी पिटमध्ये जावं, नव्या टायरवर एक फेरी जीव तोडून मारावी आणि पुढचा पिटमधून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे निघून जावं. पडद्यावर यातलं काहीच नाही. पडद्यावर आहे दोघांमधलं अंतर, फेरीमागे सेकंदाच्या एक-दोन दशांशाने कमी होणारं. ते आकडे वाचून, पुढच्या पाच फेऱ्यांनंतर काय होणार आहे याची हुरहुर आत्ताच ऐकणाऱ्याच्या मनात निर्माण करणं हे कौशल्य आहे आणि ते आवाजाच्या गोडव्यावर अवलंबून नसतं. वॉकर शर्यतीआधी पिटमध्ये गॅरेजोगॅरेजी हिंडून, हाताने टिपणं काढून मगच बॉक्समध्ये जायचे.

१९७९च्या १८ फेब्रुवारीचं उदाहरण मला यासाठी सांगावंसं वाटतं. डेटोना ५०० ही शर्यत त्या दिवशी अमेरिकेत पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली गेली. देशाच्या पूर्व भागात हिमवादळ होतं, लोक घरात अडकलेले, टीव्हीसमोर. शेवटच्या फेरीत पहिल्या दोन क्रमांकांवरचे डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो एकमेकांवर आदळले आणि दोघंही बाहेर गेले. सगळ्यांचे डोळे त्या अपघातावर. पण शर्यत संपलेली नव्हती. जो कोणी तिसरा होता तो आता पहिला होता, आणि तो ट्रॅकच्या पार दुसऱ्या भागात होता. सीबीएस वाहिनीचे कॉमेंटेटर केन स्क्वायर यांनी ते तिथल्या तिथे जोडलं आणि प्रेक्षकांना रिचर्ड पेटीकडे नेलं. पेटी जिंकला. तोवर अपघाताच्या जागी ड्रायव्हरांची हाणामारी जुंपली होती. मग तीही सांगितली. नास्कार, म्हणजे डेटोना ज्यात येते ती अमेरिकी शर्यतींची मालिका, देशभर पोहोचली ती त्या दुपारी, असं मानतात. मला त्यातले ते चार-पाच सेकंद मोलाचे वाटतात, ज्यांत एक माणूस अपघातावरून नजर काढून तिसऱ्या गाडीचा विचार करू शकला.

वॉकरच्या शेजारी १९८०पासून जेम्स हंट बसायचा, १९७६चा विश्वविजेता. दोघांचा स्वभाव पार वेगळा, पटायचंही बेताचंच. दोघांनी एकमेकांवर बोलू नये म्हणून बीबीसीच्या निर्मात्याने त्यांना मिळून एकच माइक दिला होता. एक उभा, एक बसलेला, आणि मधे हातातून हातात जाणारा माइक. हंटला जे वाटेल ते तो बेधडक बोलायचा; ड्रायव्हरने चूक केली तर चूकच म्हणायचा, कारण ते वळण तो स्वतः घेऊन आलेला होता. वॉकर वेग द्यायचे, हंट कारण द्यायचा. १९९३च्या जूनमध्ये हंट वयाच्या ४५व्या वर्षी अचानक गेला, आणि वॉकरनी पुढे त्याच्याबद्दल कायम मायेनेच सांगितलं. अशी जोडी नंतरही जमली: माजी ड्रायव्हर मार्टिन ब्रंडल १९९७मध्ये आयटीव्हीवर वॉकरबरोबर आला, आणि त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला, शर्यत सुटायच्या आधी गाड्यांच्या रांगेत माइक घेऊन शिरला. काही लिहिलेलं नाही, कोण भेटेल ते ठरलेलं नाही. आज ती प्रत्येक प्रक्षेपणातली नेहमीची गोष्ट झाली आहे.

१९९६ साली सुझुकाला डेमन हिलने विश्वविजेतेपद नक्की केलं, तेव्हा वॉकर म्हणाले की आता मला थांबावं लागेल, माझा कंठ दाटून आला आहे. डेमनच्या वडिलांना, दोनदा विश्वविजेता झालेल्या ग्रॅहम हिलला, त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि डेमन लहान असताना ग्रॅहम विमान अपघातात गेला तेव्हा ते कुटुंब कशातून गेलं तेही. ती चित्रफीत मी कितीही वेळा ऐकली तरी त्या वाक्याला माझंही लक्ष पडद्यावरून उडतं. आनंदाने गप्प होणारा कॉमेंटेटर मी दुसरा ऐकलेला नाही.

दुसऱ्या प्रकारचं गप्प होणं मात्र या व्यवसायात प्रत्येकाच्या वाट्याला कधीतरी येतं. स्टो वळणावर वॉकरना पडलेला प्रश्न तोच होता.

१९६४ साली इंडियानापोलिस ५०० शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅक्डॉनल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली आणि एडी सॅक्सची गाडी त्या आगीत घुसली. दोघंही गेले. सॅक्स गेल्याची बातमी आली तेव्हा सिड कॉलिन्स रेडिओवर थेट बोलत होते, देशभर माणसं ऐकत होती, आणि त्यांच्यापुढे लिहिलेलं काही नव्हतं. कॉलिन्सनी तिथेच सॅक्सला निरोप दिला. आपण सगळेच तासाला साठ मिनिटं या वेगाने मृत्यूकडे चाललो आहोत, आणखी वेगाने कसं जायचं हे आपल्याला ठाऊक नाही इतकंच, एडीला ते ठाऊक होतं, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. आयुष्यभर वेगाचं वर्णन करणाऱ्या माणसाला त्या क्षणीही वेगाचीच भाषा सुचली, आणि ती खरी ठरली.

१ मे १९९४, इटलीतला इमोलाचा ट्रॅक. आयर्टन सेन्नाची गाडी भिंतीवर आदळली. आदल्या दिवशी तिथेच ड्रायव्हर रोलँड रात्झेनबर्गर गेला होता. इटलीच्या वाहिनीकडून येणारं चित्र सेन्नावर चाललेल्या उपचारांवरून हटेना, तेव्हा बीबीसीने ते सोडून स्वतःच्या पिटमधल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायला सुरुवात केली. वॉकर तेव्हा ७० वर्षांचे होते. सेन्नाला ते ओळखत होते. काय झालंय याचा त्यांना अंदाज होता, खात्री नव्हती, आणि खात्री नसताना एक शब्द जास्तीचा बोलणं म्हणजे कुठल्यातरी घरात बसलेल्या आईवडिलांना टीव्हीवरून काहीतरी भयंकर सांगणं. जे दिसतंय तेवढंच बोलत, बोलणं थांबूही न देता, त्यांनी ती वेळ निभावली. ते प्रक्षेपण ऐकणं जड जातं. पण ज्याला या क्षेत्रात यायचंय त्याने ते एकदा तरी ऐकावं असं मला वाटतं, कारण तिथे हे काम कशासाठी असतं ते उघडं पडतं.

पुढे नियम बदलले, निदान रीत बदलली. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये बहरीनला रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. तो २८ सेकंद आगीत होता. त्या वेळात जगभर दिसत होती ती लांबूनची आग आणि काळजीने पडद्याकडे बघणारे संघ. तो जिवंत बाहेर आल्याचं दिसल्यावरच अपघाताची फीत पुन्हा दाखवली. त्या मधल्या वेळात कॉमेंटेटरांनी अटकळी बांधल्या नाहीत. जुन्या लोकांनी अंगावर झेललेल्या प्रसंगांतून ही समज आलेली आहे.

पिटमधून बोलणाऱ्यांमध्ये अमेरिकेत डॉ. जेरी पंच हे एक नाव होतं. हे गृहस्थ व्यवसायाने तातडीच्या उपचारांचे डॉक्टर. १९८८मध्ये तिथल्या ब्रिस्टल ट्रॅकवर सरावात ड्रायव्हर रस्टी वॉलेसला मोठा अपघात झाला तेव्हा मदतीला धावून गेलेल्यांत हेच डॉक्टर होते, आणि त्यांच्यामुळे आपण वाचलो असं वॉलेस स्वतः सांगत आला आहे.

आता साबिने. गाड्यांवरचे कार्यक्रम हा टीव्हीचा शर्यतींहून वेगळा, शांत कोपरा आहे. बीबीसीचं टॉप गिअर १९७७ साली सुरू झालं, अँजेला रिपन निवेदिका होत्या. अमेरिकेत मेरीलँडच्या सार्वजनिक वाहिनीवर मोटरवीक १९८१पासून, जॉन डेव्हिससह. सुरुवातीचा धर्म साधा: गाडी किती जागा देते, किती इंधन खाते, ब्रेक लावल्यावर कुठे थांबते. इथेही अडचण तीच, वेग दिसत नाही. म्हणून एकाच वळणावरून गाडी पुन्हा पुन्हा न्यायची, कधी जमिनीलगत कॅमेरा, कधी पुढे धावणाऱ्या गाडीतून. एग्झॉस्टजवळ वेगळा माइक लावून आवाज घ्यायचा. आणि निवेदकाने रस्त्यावरची नजर न हटवता काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्याशी बोलायचं. बहुतेकांची यात दोनपैकी एक गोष्ट बिघडते. बोलणं तरी पाठ केल्यासारखं होतं, नाहीतर गाडी उगाच हळू चालते.

साबिनेचं तसं होत नसे. जर्मनीतल्या नुर्बुर्गमध्ये वाढलेली ही मुलगी, नॉर्डश्लायफे हा २०.८ किलोमीटरचा शर्यतीचा ट्रॅक तिच्या घराजवळून जायचा. तिथली २४ तासांची शर्यत तिने १९९६ आणि १९९७ अशी दोनदा जिंकली; ती जिंकणारी पहिली स्त्री तीच. पर्यटकांना बीएमडब्ल्यूमध्ये बसवून नेलेल्या धरून तिने त्या ट्रॅकवर वीस हजारांहून जास्त फेऱ्या मारल्या असाव्यात, असा तिचाच अंदाज. २००४मध्ये टॉप गिअरवर जेरेमी क्लार्क्सनने डिझेल जॅग्वारमधून तिथली फेरी कशीबशी ९ मिनिटं ५९ सेकंदांत पुरी केली. साबिनेने तीच गाडी ९:१२मध्ये आणली, आणि मग मालवाहू फोर्ड ट्रान्झिट घेऊन निघाली. वेळ आली १०:०८. ती फेरी बघताना मी तिचे हात बघते. व्हॅनचं ते आडवं, मोठं स्टिअरिंग, त्यावर एकावर एक पडणारे हात, वळणात कलणारं अख्खं धूड, त्यात हिची अखंड बडबड आणि खदखदून हसणं. ट्रान्झिट काही वेगवान गाडी नाही. तरी त्या फेरीत वेग दिसतो, कारण तो तिच्या खांद्यांत, श्वासात, बोलण्याच्या लयीत आलेला असतो. नॉर्डश्लायफेच्या पहिल्या वळणाला आता तिचं नाव आहे.

हे काम बाहेरून शिकता येत नाही, आत शिरावं लागतं, असं मानणारी दुसरी बाई म्हणजे लुईस गुडमन. आयटीव्हीसाठी पिटमधून बोलता बोलता ती २००६च्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये प्रत्यक्ष पिट-स्टॉपच्या तुकडीत उतरली आणि मिडलँड संघाच्या गाडीचा मागचा टायर बदलायला हात लावला. फॉर्म्युला वनमध्ये तोवर हे कोणत्याही स्त्रीने केलेलं नव्हतं.

वॉकर २००१मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीनंतर निवृत्त झाले. तिथल्या ट्रॅकच्या १९०९च्या मूळ विटांपैकी एक वीट त्यांना भेट मिळाली. पण २००७च्या जुलैत बीबीसी रेडिओला एका शर्यतीपुरता बदली कॉमेंटेटर हवा होता आणि ८३ वर्षांचे वॉकर हो म्हणाले. शर्यत होती नुर्बुर्गरिंगवर. पहिल्याच फेरीत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि एकाच वळणावर एकामागोमाग एक गाड्या घसरत वाळूत जाऊन बसल्या. हॅमिल्टनची गाडी क्रेनने उचलून परत ट्रॅकवर ठेवावी लागली. आणि सगळ्यांच्या पुढे कोण, तर पहिलीच शर्यत खेळणारा मार्कुस विंकेलहॉक, स्पायकर या सगळ्यांत मागच्या संघाचा, ज्याला पावसाचे टायर लावून पिटमधून सोडलं होतं. ऐकणाऱ्यांसमोर चित्र नव्हतं, आणि हे घडतंय यावर कोणाचा विश्वास बसायचा तर वॉकरना ते पटापट, नावानिशी, वळणानिशी सांगायचं होतं.